तक्त्यांतून की उंबऱ्यावरून?

सार्वजनिक धोरणात एमए करतेय, विषय सीमाभागातली सामाजिक समता. माहिती मिळवायच्या वाटा दोन. २०११ च्या जनगणनेचे तक्ते फुकट आणि घरबसल्या मिळतात. तालुक्यात मराठी भाषक १५ टक्के भरतात का, ते त्यातूनच कळतं, आणि मराठीत सरकारी सूचना मागायला आधार त्याच टक्क्याचा. आकडे मात्र शिळे.

दुसरी वाट बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बसची. परवा एका मावशींनी पत्र्याच्या डब्यातून कर्नाटक सरकारच्या, बायकांना पैसे देणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेचा कन्नड कागद काढला. "वाच की गं बाळ, महिन्याचे २००० का थांबले?" मलाही तो अडखळतच वाचता आला! हे कुठल्या तक्त्यात सापडणार? दिवसाला जेमतेम चार घरं होतात, गाईड कुरकुरतात. तरी मी बसच धरणार.