रातकिड्यांना भाजी, तयार गट-लोड की वरून पावडर?

पाळीव सरड्यांना खाऊ म्हणून रातकिडे देतात, पण त्यांत कॅल्शियम कमी पडतं. ते भरून काढायच्या वाटा तीन: किड्यांना भाजी, गट-लोड (प्राण्याला द्यायच्या आधी किड्यांच्या पोटात भरायचं कॅल्शियमयुक्त खाद्य) किंवा वरून पावडर. रातकिड्याला हाडं नसतात. कवच असतं ते कायटिनचं, त्यात कॅल्शियम नावापुरतंच. त्याच्या अंगात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असतो. गेकोला किंवा बिअर्डेड ड्रॅगनला (दोन्ही पाळले जाणारे सरडे) मात्र कॅल्शियम निदान बरोबरीचं, शक्यतो दीड-दोन पट लागतं. ही तूट राहिली की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढू लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात.

सर्वात सोपी वाट म्हणजे डस्टिंग. पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर, त्यात रातकिडे टाकायचे, हलकेच हलवायचं. पिठात घोळवल्यासारखे पांढरे होऊन बाहेर येतात. पण तो रातकिडा दोन मिनिटं न्याहाळा. आधी एक मिशी पायाने खाली ओढून तोंडातून काढेल, मग दुसरी, मग पाय. माझी लेपर्ड गेको मनात येईल तेव्हा शिकारीला निघते. तोवर पाण्याच्या वाटीमागे बसलेले निम्मे किडे पुन्हा तपकिरी झालेले असतात. समोर टाकताच झडप घालणाऱ्या प्राण्याला डस्टिंग चालून जातं.

भाजीचा खरा उपयोग पाण्यासाठी. बारक्या रातकिड्यांना पाण्याची वाटी म्हणजे बुडून मरायची सोय. गाजराची चकती त्याहून बरी, शिवाय कॅरोटिनॉइड्स (गाजराला रंग देणारे घटक) मिळतात. पण भाजीत बहुतेक पाणीच आणि किड्याचं पोट ते केवढं! नुसत्या भाजीवर कॅल्शियमचं गणित सुटत नाही. पालक तर नकोच, त्यातलं ऑक्झलेट असलेलं कॅल्शियमही बांधून ठेवतं.

राहता राहिलं तयार गट-लोड. इथे डब्यावरचं सरड्याचं चित्र सोडा, मागचे आकडे वाचा. कॅल्शियम 8 टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त नसेल तर ते किडे वाढवायचं खाद्य आहे, गट-लोड नव्हे. भरड असेल तर मिक्सरमधून बारीक करा. प्राण्याला द्यायच्या आधी 24 ते 48 तास किड्यांना तेच खायला ठेवा. सोबत रसाळ भाजीचा ढीग नको, नाहीतर किडे भाजी फस्त करतात आणि गट-लोड तसंच राहतं. एक छोटी चकती पुरे. आणि कायम याच खाद्यावर ठेवू नका. मी एकदा आळसापायी ठेवले होते. आठवड्याभरात रोज सकाळी मेलेले वेचत बसलो. आता माझे डबे दोन: एक रोजचा, कोंडा आणि भाजीचा, दुसरा शेवटच्या दोन दिवसांचा.

एकच निवडायचं झालं तर मी गट-लोड निवडेन, आणि द्यायच्या वेळी वरून हलकी पावडर मारेन. व्हिटॅमिन डी3 असलेली पावडर जपून वापरा, जादा डी3 अंगात साठतं. चांगला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा असेल तर प्राण्याचं शरीर डी3 स्वतःच बनवतं, मग बहुतेक वेळा साधी कॅल्शियम पावडर पुरते.

रातकिड्यांऐवजी दुसरे किडे देत असाल तर: ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांत मुळातच कॅल्शियम भरपूर, त्यांना हा खटाटोप लागत नाही. डुबिया झुरळांना कुत्र्या-मांजराचं खाद्य घालू नका, जादा प्रथिनं ती युरिक आम्ल म्हणून अंगात साठवतात.

रात्री पिंजऱ्यात रातकिडे उरणार असतील तर आत गाजराचा तुकडा ठेवा. त्यांचं पोट रिकामं होत नाही, आणि भुकेपोटी ते झोपलेल्या गेकोची बोटं कुरतडायला जात नाहीत.