आयपीडी-एमएचसी: माकडं आणि इतर प्राण्यांच्या प्रतिकार-जनुकांचा मोफत संग्रह

माणसाची एमएचसी जनुकं (रोगजंतू ओळखायला प्रतिकारशक्तीला मदत करणारी) इतर प्रायमेटांशी, म्हणजे माकडं-वानरांशी ताडायची तर आधी हाच संग्रह उघडावा. जनुकांच्या नावांची सुरुवात प्रजातीच्या शास्त्रीय नावावरून: ऱ्हीसस माकड 'मामू', चिंपांझी 'पॅट्र'. एमएचसीतली काही जनुकं ए, बी, सी अशी ओळखली जातात; ऱ्हीससमध्ये सी जनुक शोधत बसू नका. ते माणूस आणि महावानरांतच (चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान) आहे. उलट ऱ्हीससच्या ए-बी जनुकांच्या एकाच गुणसूत्रावर कितीतरी प्रती झाल्यात. दोन प्रजातींच्या जनुकांच्या नावांतले आकडे जुळले एवढ्यावरूनच नातं जोडलंत, तर फसू शकता.

या ए-बी-सी जनुकांचा वंशवृक्ष काढताना एक्झॉन (जनुकातले प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) 2 आणि 3 वेगळे ठेवा. पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) धरणारी खोबण तिथूनच घडते, नैसर्गिक निवडीचा दाब तिथंच जास्त, म्हणून वंशवृक्ष चुकीचा येऊ शकतो. एक्झॉन 4 वरून पुन्हा पडताळा. खरी उणीव एकच: बऱ्याच नोंदी अर्धवट. फास्टा फाइल (जनुकक्रम साध्या मजकुरात देणारी) उतरवली की आधी प्रत्येक क्रमाची लांबी बघा.