एआयवालं स्टॉक ॲप: साबणात पास, पोळ्याला नापास

आर्वी-पुलगाव रस्त्यावर आमचं किराणा मार्ट आहे. नावातच मार्ट, दुकान दोन शटरचं. जुलै २०२४ पासून एका कंपनीचं एआयवालं स्टॉक ॲप वापरून राहिलो, महिन्याला १,२०० रुपये. नाव लिहीत नाही, त्यांचा सर्व्हिसवाला पोरगा भला आहे.

आधी चांगलं सांगतो. रोजचा खप, माल यायला लागणारे दिवस अन् वर थोडा राखीव, एवढ्यावरून ते काय कधी मागवायचं ते सांगतं. पुलगावची गाडी आमच्याकडे मंगळवारीच येते. हे एकदा भरून दिलं की सोमवारी सकाळी यादी तयार. साबण, बिस्किटं, चहापत्तीत अंदाज सहसा चुकत नाही. एक्स्पायरी जवळ आली की ती बॅच लाल दाखवतं. दर पावसाळ्यात रव्यात किडे होऊन पाकिटं फेकावी लागत, मागच्या पावसाळ्यात एकच फेकलं.

आता पोळा. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला होता, २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. ॲपनं एकच पोळा पाहिलेला, तोही तारखेनं. तिथी त्याच्या गावीही नाही. चणाडाळ अन् गूळ त्यानं ऑगस्टच्या शेवटच्या गाडीवर टाकले. मीही यादी न वाचता ओके दाबलं, हे कबूल. खांदशेकणीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारीच गूळ संपला. बैलाची नवी वेसण खांद्यावर टाकून एक काकाजी काउंटरशी उभे, "पोळ्याले गूळ नाही तं दुकान कायले उघडलं रे बापू?" २६ तारखेला गाडी आली तेव्हा पोळ्याचे बैल परत वावरात गेले होते. महालक्ष्म्या ३१ ला बसल्या म्हणून तेवढी डाळ खपली.

खरी गोची पुढेच. गूळ नव्हता ते चार दिवस विक्री शून्य, म्हणून ॲपला वाटलं, गुळाला गिऱ्हाइकच नाही. पुढचा अंदाज त्यानं आणखी कमी केला! फोन लावला तर म्हणे, सेटिंगमध्ये सणांची यादी आहे. पाहिली. गणपती होता, ओणम होता, पोळा नव्हता.

काउंटरवर आई बसते. मागितलं अन् मिळालं नाही, ते ती जुन्या डायरीत लिहिते: "फल्ली तेल, पाच लिटरचा डबा, तिघांनी विचारलं." आता दर रविवारी ती डायरी मी ॲपमध्ये हातानं भरतो, तेव्हापासून अंदाज ताळ्यावर आहे. उधारीचं बिलही त्याच दिवशी मारा, नाहीतर वहीवर गेलेली साखर ॲपला दुकानातच दिसते.

माझे तीन तारे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे पोळा पुन्हा सप्टेंबरात. यंदाची तारीख पंचांग पाहून मीच टाकली आहे, गूळही दोन ढेपा जास्तच सांगितला.