अल्जिनेट म्हणून मक्याचा स्टार्च: कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह प्रिंटिंग करणाऱ्यांनी सावध राहावं

रबाळे, महापे, तुर्भे, पलीकडे भिवंडी आणि डोंबिवली या पट्ट्यात ज्यांची कॉटनवर रिअ‍ॅक्टिव्ह प्रिंटिंगची (कापसाशी रासायनिक बंध करणाऱ्या रंगांनी छपाईची) टेबलं चालतात, त्यांनी हे जरूर वाचावं. सोडियम अल्जिनेट (छपाईचा रंग दाट करणारा गम, म्हणजे खळ) म्हणून आम्हाला जी पोती विकली गेली, त्यात निम्म्याहून जास्त मक्याचा स्टार्च निघाला. नमुन्याची पुडी मात्र चोख होती. आमचं युनिट रबाळ्याच्या एमआयडीसीत आहे, काम बहुतेक जॉबवर्कचं. म्हणजे टेबलावर अंथरलेलं कापड पार्टीचं असतं आणि ते बिघडलं तर भरपाई आपल्यालाच द्यावी लागते.

व्यापाऱ्याचं ऑफिस ठाण्यात, गोडाऊन भिवंडीच्या बाजूला. माणूस बोलायला गोड आणि धंद्यातलं जाणणारा. रेट त्याने अगदी पडता सांगितला नाही, आणि त्याची खरी हुशारी तिथेच होती. नेहमीच्या अल्जिनेटपेक्षा थोडाच कमी. कारण विचारलं तर म्हणाला, "साहेब, मधला दलाल नाही, माल थेट पोर्टवरून उचलतो." नमुना आमच्या कलर किचनमध्ये (रंगाची पेस्ट बनवतो तिथे) मास्तरांनी भिजवला, स्ट्राइक-ऑफ म्हणजे छोट्या तुकड्यावर चाचणीची छपाई काढली, स्टीम केला, धुतला. रेघ बारीक, रंग भरलेला, कापड मऊ. मग ऑर्डर दिली. मास्तरांच्या जुन्या सवयीप्रमाणे नमुन्यातली थोडी पावडर बरणीत भरून, तारीख घालून ठेवली होती. पुढे सगळी भिस्त त्या बरणीवरच राहिली.

लॉट आला तेव्हा पावडर दिसायला तशीच होती. थंड पाण्यात टाकून स्टररखाली घातली तर व्यवस्थित फुगली. इथे नवख्याच काय, मुरलेल्या माणसाच्याही लक्षात येणार नाही. साधा कच्चा मक्याचा स्टार्च थंड पाण्यात तळाशी बसतो, साधारण 62 ते 72 अंशांवर शिजल्याशिवाय त्याची खळ होत नाही. तो दिला असता तर पहिल्याच बादलीत उघडा पडला असता. म्हणून त्याने दिला तो आधीच शिजवून वाळवलेला, म्हणजे प्रीजिलॅटिनाइज्ड स्टार्च. हा थंड पाण्यातच दाट होतो, अगदी अल्जिनेटसारखा.

छपाई झाली तोवर टेबलावर सगळं ठीक होतं. फरक स्टीमरनंतर कळला. धुलाईच्या पहिल्या हौदात पाणी नेहमीपेक्षा जास्त रंगीत, आणि कापड मात्र छापलेल्या जागी वाळलेल्या पापडासारखं कडक. मास्तर म्हणाले, "दादा, हा गम सुटतच नाहीये." पुन्हा गरम पाणी, पुन्हा साबण. मरून फिका पडला, नेव्ही मळकट दिसायला लागला आणि कडकपणा तिथेच. नंतर स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज एन्झाइमच्या बाथमधून काढलं, त्याने हात थोडा मऊ झाला, पण गेलेला रंग काही परत आला नाही. पार्टीने दुपट्ट्यांचा तो सगळा माल नाकारला, जॉबवर्कचे पैसे कापले, वर ग्रे (कोऱ्या, प्रक्रिया न केलेल्या) कापडाची किंमतही मागितली.

हे का होतं ते प्रत्येक प्रिंटरला माहीत असायला हवं. रिअ‍ॅक्टिव्ह रंग कापडावर नुसता बसत नाही, सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिल गटांशी त्याचा रासायनिक बंध होतो. स्टार्चही ग्लुकोजच्याच साखळ्यांचा आणि त्यालाही तेच गट. रंगाला कापूस कुठला आणि खळ कुठली हे कळत नाही, अल्कली आणि वाफ मिळाली की तो दोघांनाही धरतो. मग काही रंग खळीला चिकटून धुलाईत वाहून जातो, आणि राहिलेली खळ रंगाशी जखडून कापडावरच अडकते. अल्जिनेट समुद्रातल्या तपकिरी शेवाळापासून निघतं. त्याच्या साखळीवर प्राथमिक हायड्रॉक्सिल गट नसतात, आणि त्यावरचा ऋण भार ऋण भाराच्याच रंगाला दूर ठेवतो. रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 साली बाजारात आले, तेव्हापासून कॉटनच्या छपाईत अल्जिनेटला मान आहे तो याच गुणामुळे.

स्टार्चला मी नावं ठेवत नाही. व्हॅट रंगांच्या छपाईत भाजलेल्या स्टार्चचा ब्रिटिश गम पिढ्यान् पिढ्या चालला. पॉलिएस्टरवर डिस्पर्स रंगाला स्टार्चचे ईथर आणि गवार गम आजही उत्तम चालतात, कारण तो रंग खळीशी बंध करत नाही. कार्बॉक्सिमिथाइल स्टार्च पुरेशा जास्त सब्स्टिट्यूशनचा, म्हणजे ज्याचे बरेचसे हायड्रॉक्सिल गट आधीच बदललेले आहेत असा, असेल तर रिअ‍ॅक्टिव्हमध्येही काही प्रमाणात वापरता येतो. पण तो स्टार्च आहे असं सांगून विकावा. आम्ही स्टार्च मागितला नव्हता.

व्यापाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "तुमचा स्टीमर बघा, तुमचं पाणी जड असेल." पाणी जड असलं की अल्जिनेट त्रास देतं हे खरं आहे, कॅल्शियममुळे त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून आपण कॅल्शियमला बांधून ठेवणारं हेक्सामेटाफॉस्फेट टाकतो. आम्हीही टाकतोच. शिवाय त्याच पाण्यात, त्याच स्टीमरवर त्याचाच नमुना छान उतरला होता. मग बरणी काढली.

दोन्ही पावडरींची वेगवेगळी पेस्ट केली, त्यात सोडा, युरिया काहीही न घालता, आणि पूर्ण गार होऊ दिली. मेडिकलमधून आणलेलं टिंक्चर आयोडिन पाण्यात पातळ करून एकेक थेंब टाकला. नमुन्याच्या पेस्टवर आयोडिनचा पिवळट तपकिरी डाग तसाच राहिला. लॉटच्या पेस्टवर थेंब पडता क्षणी गर्द निळा, जवळजवळ काळा. मास्तरांनी ती बशी खिडकीपाशी नेऊन सगळ्या कारागिरांना दाखवली. ही चाचणी गरम पेस्टवर करू नका, गरम असताना निळा रंग उमटत नाही. सोडा घातलेल्या पेस्टवरही नको, अल्कली आयोडिनला खाऊन टाकते आणि भेसळीचा माल पास होतो. भाजलेल्या डेक्स्ट्रिनचा रंग निळ्याऐवजी तांबूस येऊ शकतो, तोही पकडा.

दुसरी चाचणी कॅल्शियम क्लोराइडची. त्याच्या द्रावणात अल्जिनेटची पेस्ट थेंबाथेंबाने सोडली की प्रत्येक थेंबाची लगेच घट्ट गोळी होते, बोटांनी उचलता येते. नमुन्याच्या गोळ्या तशाच झाल्या. लॉटचे थेंब मऊ, कडा विरघळलेल्या, पण गोळीसारखं काहीतरी झालं हे मात्र खरं. याचा अर्थ पोत्यात थोडं अल्जिनेट होतंच. एकटी कॅल्शियमची चाचणी करणारा माणूस तिथे फसला असता, ते थोडं अल्जिनेट बहुधा त्यासाठीच घातलं होतं. म्हणून दोन्ही चाचण्या करा, एकीवर थांबू नका.

पुढचं काम लॅबकडे दिलं. तिथे पावडर जाळून उरलेली राख पाण्यात घेतली, हायड्रोक्लोरिक आम्लाने आम्लधर्मी केली आणि बेरियम क्लोराइड घातलं. पांढरा साका बसला, म्हणजे सल्फेट. वजन भरायला सोडियम सल्फेट मिसळलं होतं. आम्ल आधी घालावंच लागतं, नाहीतर अल्जिनेटच्या राखेतला कार्बोनेटही पांढरा साका देतो आणि चांगल्या मालावर उगाच आळ येतो. बेरियम क्लोराइड विषारी आहे, कलर किचनमध्ये हे करायला जाऊ नका.

व्यापाऱ्याने दिलेल्या रिपोर्टबद्दल लिहिलंच पाहिजे. त्यात व्हिस्कॉसिटीचा (दाटपणाचा) एक मोठा आकडा, शेजारी फक्त 'ब्रुकफील्ड', म्हणजे दाटपणा मोजायच्या यंत्राचं नाव. किती टक्क्यांची पेस्ट, कुठला स्पिंडल, किती आरपीएम, किती तापमान, काहीच नाही. ही चार माहिती नसेल तर तो आकडा कागदावरची शाई आहे. स्टार्चची पेस्ट हळू फिरवली की दाट आणि जोरात फिरवली की पातळ लागते, त्यामुळे कमी आरपीएमवर भला मोठा आकडा कोणालाही काढता येतो. माझं स्पष्ट मत आहे की आपल्या धंद्यात व्हिस्कॉसिटीला नको इतकं महत्त्व दिलं जातं. दाट तर काहीही होतं. धुलाईत सुटतं का, हे आधी विचारावं. पेस्ट रात्रभर झाकून ठेवूनही बघा: मक्याच्या स्टार्चची सकाळी गोळा होऊन वर पाणी सुटतं, स्टार्चमधल्या अमायलोजच्या साखळ्या परत एकत्र येतात म्हणून. आमच्या लॉटचं तसंच झालं.

आता बिल. तोंडी आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडे 'सोडियम अल्जिनेट', आणि बिलावर नुसतं 'टेक्स्टाइल गम', एचएसएन (जीएसटीसाठी मालाचा वर्गीकरण क्रमांक) 1108. आमच्या अकाउंटंटने दाखवलं तेव्हा डोकं सुन्न झालं. 1108 हे स्टार्चचं शीर्षक आहे, त्यात मक्याचा 1108 12. मॉडिफाइड स्टार्च आणि डेक्स्ट्रिन 3505 मध्ये जातात, अल्जिनेट 3913 10 मध्ये. म्हणजे पोत्यात अल्जिनेट नाही, स्टार्च आहे हे त्याच्या कागदाला पक्कं माहीत होतं. अल्जिनेटच्या बिलावर 1108 दिसलं तर गाडी खाली करू देऊ नका.

वकिलांनी आधार दाखवला तो 1930 च्या माल विक्री कायद्याचा. कलम 17 प्रमाणे नमुना दाखवून विकलेला माल त्या नमुन्याशी जुळलाच पाहिजे, आणि दोन्ही ताडून बघायला खरेदीदाराला वाजवी संधी मिळाली पाहिजे. ग्राहक आयोगात व्यापारी वापराच्या मालाची तक्रार टिकणं कठीण, म्हणून नोटीस या कायद्याखाली पाठवली आणि फसवणुकीची लेखी तक्रार पोलिसांकडे दिली. नोटिशीनंतर त्याने न उघडलेली पोती परत नेऊन त्यांचे पैसे देतो असा निरोप धाडला. आम्ही पोती दिलेली नाहीत, कारण पुरावा तोच आहे. दोन साक्षीदारांच्या सह्यांनी ती सील करून वेगळी ठेवली आहेत.

तुमच्याकडेही असा माल आला असेल तर वापर लगेच थांबवा. वरच्या पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असू शकतो, म्हणून धान्याच्या दुकानात पोत्यात खुपसतात तसली टोकदार नळी घेऊन मधल्या आणि खालच्या पोत्यांतून, पार तळापर्यंत नमुने काढा. प्रत्येकाचे दोन भाग करा, एक लॅबला, एक सीलबंद स्वतःकडे. बिघडलेल्या कापडाचा धुतलेला आणि न धुतलेला असे दोन्ही तुकडे जपा. व्यापाऱ्याशी यापुढे जे बोलायचं ते लेखी बोला, आणि फोनवर त्याने काही कबूल केलं तर त्याच दिवशी मेसेज करून त्याची नोंद ठेवा.