फ्लोअर बदललं, म्हणजे बदललं असं सांगितलं

मालवणजवळ देवबागला आमची 24 फुटी फायबरची बोट आहे. वडिलांनी सेकंडहँड घेतलेली, आता माझ्याकडे आली. सीझनमध्ये पर्यटकांना संगमावर न्यायचं, डॉल्फिन दाखवायचे, त्यावर घर चालतं. गेल्या मे महिन्यात मागच्या बाजूचं फ्लोअर पायाखाली दबायला लागलं. ओल्या घोंगडीवर उभं राहिल्यासारखं वाटायचं.

‘फायबर काय कुजतं होय?’ असं मीही म्हणत आलो होतो. फायबर कुजत नाही. पण जुन्या बोटीत फ्लोअर म्हणजे प्लायवूड आणि त्यावर फायबरचा पापुद्रा. त्याखाली लांबीभर जाणारे लाकडी पट्टे, त्यांना कारागीर स्ट्रिंजर म्हणतात. तेही फायबरमध्ये गुंडाळलेले. सीट बसवताना स्क्रू मारले आणि भोकं रेझिनने, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाने, बंद केली नाहीत की तिथून पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. त्यातही खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी लाकूड लवकर कुजवतं. आम्ही पावसाळ्यात बोट ताडपत्रीत घट्ट बांधून ठेवायचो. पूर्वीचे लोक माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारायचे, त्यातून वारा तरी खेळायचा. म्हणजे निम्मा दोष आमचाच.

ओळखीतून एक फायबरवाला मिळाला. गोड बोलणारा. नाव-गाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे पक्कं बिल नाही आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे. त्याने 95,000 सांगितले. जुनं फ्लोअर पूर्ण काढायचं, कुजलेले स्ट्रिंजर बदलायचे, नवं मरीन प्लाय, वर दोन थर मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, शेवटी जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत रंगीत थर. 60,000 ॲडव्हान्स घेतला आणि जूनमध्ये बोट आपल्या मांडवात नेली.

जुलैत बघायला गेलो तर बाहेरच अडवलं. ‘भाऊ, रेझिनचा वास डोक्यात जातो, कशाला त्रास घेता, फोटो पाठवतो.’ फोटो आले. उघडी बोट, स्वच्छ घासलेलं पोट, नवे कोरे पट्टे. मी ते घरात सगळ्यांना दाखवले. फोटोतल्या बोटीचं पोट आतून आकाशी होतं आणि आमची बोट आतून पांढरी आहे, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. घरात माणसं सहा.

नारळी पौर्णिमेच्या आधी बोट परत आली, राखाडी जेलकोटमध्ये चकचकीत. एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकली. मागे इंजिनाच्या फळ्यापाशी फ्लोअरवरचं पाणी उतरायला एक गोल भोक आहे. ते अर्धंच दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, ‘मॅटचे थर जास्त मारलेत, मजबुतीला.’ मी खूश होऊन उरलेले 35,000 दिले.

डिसेंबरात गर्दी सुरू झाली. बोट रिकामी असतानाही पाण्यात नेहमीपेक्षा जास्त बसायची आणि इंजिन पेट्रोल पिऊ लागलं. शेजारी एक जुने तांडेल, म्हणजे होडी चालवणारे नाखवा, आहेत, ते सहज बोटीत चढले आणि कोयत्याच्या मुठीने फ्लोअर ठोकत मागून पुढे गेले. कडेला टणटण आवाज, मध्ये भद्द. म्हणाले, ‘झिला, खालचा काय काढूक नाय हा.’

दुसऱ्या दिवशी ग्राइंडरने हातभर चौकोन कापला. वर नवं प्लाय, त्याखाली जुनं फ्लोअर तसंच. चहाच्या चोथ्यासारखं काळं, बोटाने उकरता येत होतं. कुजलेल्यावरच 12 मिलिमीटरचं प्लाय ठेवून स्क्रू मारले होते, ते स्क्रूही साधे लोखंडी, गंजलेले. फ्लोअर वर आलं म्हणून भोक अर्धं झाकलं गेलं होतं! स्ट्रिंजरच्या जागी फायबरची पोकळ नळी उरली होती. कडेचा सांधा मॅटने जोडायचा, तिथे गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरली होती. बोट तरंगती राहावी म्हणून फ्लोअरखाली फोम भरलेला असतो, त्याचा तुकडा मोडून दाबला की पाणी ठिबकायचं. बोट जड का झाली ते तिथे कळलं. दोन ठिकाणी मॅट पांढरी, दुधाळ राहिली होती. पावसाळी दमट हवेत, रेझिन नीट न मुरवता थापली की ती अशी राहते.

प्लायचा तुकडा घरी आणून पातेल्यात उकळत ठेवला. खऱ्या मरीन प्लायवर आयएस 710 असा भारतीय मानकाचा शिक्का असतो आणि त्याची कसोटी 72 तास उकळून घेतात. आमचा तुकडा भात शिजेपर्यंतही टिकला नाही, पानं सुटून वर आली. आईने ते पातेलं परत घरात घेतलं नाही, तो वेगळा खर्च. शिक्क्याशेजारी सीएम/एल, म्हणजे परवान्याचा नंबर असतो, तो मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते दिसतं. हे मला आता माहीत आहे.

त्याला फोन केला. आधी ‘तुम्ही लोड जास्त भरला’, मग ‘जुन्या बोटीची गॅरंटी कोण देतो’, मग फोन बंद. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर बोललो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेली बोट असेल तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं, 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. पण त्यांनी पहिलाच प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे होती वहीतून फाडलेली चिठ्ठी, त्यावर ‘बोट काम’ आणि आकडा. 60,000 मात्र यूपीआयने दिले होते, त्याच्या नोंदीवर आणि आकाशी पोटाच्या फोटोंवर तक्रार टाकली आहे. बघू.

दुसऱ्यांदा काम मार्चमध्ये, कोरड्या हवेत, आमच्याच अंगणात करून घेतलं. प्लाय मी स्वतः आणलं. कडा आणि दोन्ही बाजू रेझिनने भिजवल्याशिवाय तुकडा बसवू दिला नाही. पैसे तीन टप्प्यांत दिले: उघडल्यावर, स्ट्रिंजर बसल्यावर आणि बंद केल्यावर. कारागीर वैतागला, पण त्याने केलं.

परवा वेंगुर्ल्याहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. त्याला त्याच फायबरवाल्याने नमुना म्हणून एक फोटो पाठवला होता, बोटीवरचा नंबर बघून त्याने मला शोधून काढलं. ‘काम मस्त दिसतंय हो, खर्च किती आला?’

मी त्याला एवढंच विचारलं, ‘फोटोत मागचं भोक पूर्ण दिसतंय की अर्धं?’