लॉन काढलं, आता लावायचं काय?

अमेरिकेत डेन्व्हरच्या आसपास घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात लॉनच्या पाण्याचं बिल बघून दचकायला होतं. मग हिरवळ उखडायची ठरते आणि नर्सरीत गेल्यावर डोकं चक्रावतं. इथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला 350 ते 400 मिलिमीटर पाणी पडतं, म्हणजे पुण्याच्या साधारण निम्मं. माती चिकण, क्षारधर्मी. थंडी तर विचारूच नका. डिसेंबर 2022 मध्ये विमानतळावर पारा तासाभरात 37 फॅरनहाइट अंशांनी उतरला आणि दुसऱ्या दिवशी उणे 24 पर्यंत गेला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे 31.

खाली जी चार झुडपं सांगतोय ती थंडीला पुरून उरतात. त्यांना मारतं ते आपलं पाणी. रोज तुळशीला तांब्या घालायची सवय लागलेल्या हाताला पाइप बंद करणं जमत नाही. म्हणून फुलांच्या रंगाआधी घरात पाणी कोण घालणार ते ठरवा.

विसराळू माणसाने रॅबिटब्रश घ्यावं. राखाडी-निळसर बारीक पानं, चार-पाच फूट उंची, आणि बाकीची बाग थकलेली असताना ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत पिवळाधमक फुलोरा. त्या दिवसांत मधमाश्या आणि फुलपाखरं त्यावरून हलत नाहीत. आमचं पहिलं रॅबिटब्रश मी स्प्रिंकलरच्या टप्प्यात लावलं होतं. जुलैपर्यंत ते भसाभस वाढलं आणि एका वादळी संध्याकाळी मधोमध फाकून चारी बाजूंना लोळलं. दुसरं कंपाउंडलगत, पाइप पोचत नाही अशा जागी आहे आणि ताठ उभं आहे. दोष दोन. पानं चुरडली की उग्र वास येतो, आणि बी उडून रोपं कुठेही उगवतात. वसंताच्या सुरुवातीला जमिनीलगत छाटलं तरी ते पुन्हा फुटतं.

अपाची प्लूमचा स्वभाव तसाच, पण रूप जास्त देखणं. एकेरी गुलाबासारखी पांढरी फुलं (कूळ गुलाबाचंच), आणि फूल गळलं की त्या जागी गुलाबी पिसांचा झुपका. फुलं आणि पिसं एकाच वेळी झुडपावर असतात. ते पश्चिमेला लावा, म्हणजे मावळतीचं ऊन पिसांतून आरपार येतं. मात्र पाणी साचणारी जागा याला अजिबात चालत नाही, आणि हिवाळ्यात ते काटक्यांच्या भाऱ्यासारखं दिसतं. एचओए (घरमालकांची सोसायटी) कडक असेल तर पुढच्या दारात नको.

ज्यांचा हात थांबत नाही त्यांच्यासाठी गोल्डन करंट. चिकण माती, अर्धी सावली, थोडं जास्त पाणी, सगळं सोसतं. एप्रिलमध्ये पिवळी फुलं येतात आणि त्यांना चक्क लवंगेचा वास असतो. उन्हाळ्यात खाता येतील अशी फळं लागतात, पण ती पक्ष्यांच्या आधी तुमच्या हाती लागली तर. बुंध्याशी धुमारे फुटत राहतात, तेवढे वर्षातून एकदा काढावे लागतात.

पाण्याच्या बाबतीत थ्री-लीफ सुमॅक अपाची प्लूम आणि गोल्डन करंट यांच्या मधलं. आंबा, काजू, बिब्बा यांच्या कुळातलं. शरदात पानं केशरी-लाल होतात, आणि लाल आंबट फळं थंड पाण्यात भिजवून गाळली की कोकमाची आठवण करून देणारं सरबत होतं. तीन पानं पाहून शेजारी पॉयझन आयव्ही (अंगाला लागली की खाज आणणारी वेल) समजून घाबरतील, त्यांना समजावून सांगा. नर्सरीत ‘ग्रो-लो’ नावाचं सुमॅक दाखवतात. तेही चांगलं आहे, पण ते पूर्वेकडच्या जातीचं, इथलं नव्हे.

जागा एकाच झुडपाची असेल आणि ऊन दिवसभर असेल तर मी अपाची प्लूम लावीन. घराच्या पूर्वेला किंवा झाडाच्या सावलीत डोळे मिटून गोल्डन करंट.

काहीही निवडलं तरी पहिलं वर्ष पाणी घालावंच लागतं. कोरडा हिवाळा विसरू नका. ऑक्टोबर ते मार्च, बर्फ नसेल आणि पारा 4 सेल्सिअसच्या वर असेल अशा दिवशी, भर दुपारी, महिन्यातून एक-दोनदा. पाणी घालून झालं की पाइप नळावरून काढून ठेवा, नाहीतर रात्री नळ फुटतो.