लिस्टन की टायसन: समोर कोण नको?

हेवीवेट बॉक्सर माइक टायसन रिंगमध्ये यायचा तो काळी चड्डी घालून, ना झगा, ना मोजे. मान सतत डावीउजवीकडे फिरत असायची. 1988 मध्ये अटलांटिक सिटीत तोवर अपराजित असलेला मायकेल स्पिंक्स अवघ्या 91 सेकंदांत आडवा झाला. खरं तर घंटा वाजण्याआधीच त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्याच्या आधीच्या काळातला हेवीवेट बॉक्सर सनी लिस्टन, त्याची तऱ्हा वेगळी. झग्याखाली टॉवेल कोंबून तो आधीच रुंद देह आणखी रुंद करायचा आणि पंच सूचना देत असताना पापणी न हलवता समोरच्याकडे बघत राहायचा. मूठ तर एवढी, की तिचा घेर 15 इंच सांगतात! 1962 मध्ये तेव्हाचा जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन त्याच्यासमोर पहिल्याच फेरीत गारद झाला आणि नंतर खोटी दाढी लावून शहराबाहेर पडला. पुढच्या वर्षी पुन्हा लढला, पुन्हा पहिल्याच फेरीत संपला.

टायसन वादळासारखा अंगावर यायचा, निदान झटपट सुटका तरी. लिस्टनचा मात्र डावा जॅबच, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसाच, इतरांच्या पूर्ण ताकदीच्या ठोशाइतका जड, त्यामुळे लांब राहूनही सोय नाही. मला विचाराल तर लिस्टनच नको. तरुण कॅशियस क्लेने (पुढचा मुहम्मद अली) 1964 मध्ये त्याला चिडवून चिडवून हरवलं, पण तेवढी जीभ सगळ्यांकडे कुठे असते?